सबनिसांची भिंत आणि समुद्रघोडे

संपादकांचा आग्रह असा की, माशांच्या टाक्यांच्या व्यवसायातील काही अनुभव लिहावेत आणि ते वाचकांना कळतील असे लिहावेत. दुसरी अट मला कितपत पाळता येईल, याची शंका आहे. ज्या प्रकरणाविषयी लिहिणार आहे, ते मला स्वतःलाच पुरते कळलेले नाही.

पनवेलच्या बाजारपेठेत माझे दुकान होते. काच कापून टाक्या जोडणे, त्या घरोघरी मांडणे आणि पुढे त्यांची देखभाल करणे, हे काम. मासे सांभाळणे त्यातल्या त्यात सोपे होते. एका डॉक्टरांनी पाणी पुरेसे निळे दिसत नाही म्हणून टाकीत कपड्यांची नीळ घातली आणि मासे मेल्यावर मलाच विचारले की, मग समुद्रात ते कसे जगतात. एका हॉटेलमालकांना पडद्यांच्या रंगाचे मासे हवे होते. ते मी मिळवून दिले; तोवर त्यांनी पडदे बदलले. अशा गिऱ्हाइकांचा मला त्रास वाटला नाही. त्यांना काय हवे, हे समजत असे. नवीन पनवेलच्या सबनिसांच्या घरी नक्की कोणाला काय हवे होते, याचा विचार मी आजही करतो.

आधी थोडे कामाविषयी. गोड्या पाण्याची टाकी बेताच्या अकलेने सांभाळता येते. खाऱ्या पाण्याची टाकी वेगळी. तिच्यासाठी उरणच्या बाजूने भरतीचे पाणी कॅनमध्ये भरून आणावे लागते, गाळून अंधारात मुरवावे लागते आणि मगच वापरावे लागते. तळाशी शिंपल्यांची भरड वाळू पसरायची. त्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे जंतू हळूहळू वस्ती करतात आणि माशांची घाण पचवतात. टाकी हलवली, वाळू ढवळली, की तळाचे कुजके द्रव्य वर येते आणि मासे मरतात. म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी एकदा मांडली की हलवायची नाही, असा माझा नियम होता. मांडण्यापूर्वी मी तो गिऱ्हाइकाला सांगत असे आणि मांडून झाल्यावर पुन्हा सांगत असे.

दुसरी गोष्ट पाण्याची. टाकीतले पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्यामुळे रोज वरून थोडे गोडे पाणी घालावे लागते. नळाचे ताजे पाणी चालत नाही, कारण त्यात औषध असते. रात्रभर ठेवलेले पिण्याचे पाणी घालावे, असे मी सांगत असे.

समुद्रघोडा हा मासाच आहे, पण माशासारखे त्याला काही येत नाही. तो उभा पोहतो आणि वाईट पोहतो. शेपटी कशाला तरी गुंडाळून दिवसभर एका जागी राहतो. त्याला जठर म्हणावे असे नसते. खाल्लेले लगेच बाहेर पडते, म्हणून त्याला सतत खावे लागते. तेही जिवंत. मेलेल्या कोळंबीकडे तो पाहतही नाही. उपाशी मरेल, पण पाहणार नाही. इतका हट्ट परवडण्यासारखी त्याची प्रकृती मुळीच नसते.

सबनीस बंदराच्या कचेरीत नोकरीला होते. बंदर तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. तिथे कोणाच्या तरी जाळ्यात आलेला समुद्रघोडा त्यांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी ते माझ्या दुकानात आले. मी सर्व अडचणी सांगितल्या. त्यांनी त्या शांतपणे ऐकल्या.

"वझेकाका, मला संध्याकाळी घरी आल्यावर तासभर काहीतरी गप्प असलेलं बघायचंय," ते म्हणाले. "एवढीच अपेक्षा आहे."

टाकी मांडायला गेलो तेव्हा त्यांची पत्नी वसुधावहिनी दारातच उभ्या होत्या. बाहेरची खोली लहान होती. एका बाजूला प्रवेशाचे दार, दुसऱ्या बाजूला गॅलरी, तिसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. मोकळी भिंत एकच.

"मधोमध मांडा," सबनीस म्हणाले. "येणाऱ्याला पहिली हीच दिसली पाहिजे."

"इतके दिवस येणाऱ्याला पहिली मी दिसत होते," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतोय."

"ऐकलंत काका? आणि घरात मासे आणायचे तर तळायचे आणावेत. हे बघायचे कसले आणलेत?"

मी भिंतीचा मध्य काढला आणि टाकी मांडली. मग नियम सांगितला. दोघांनी माना डोलावल्या.

घोडे मला गव्हाणचा हिराजी आणून देत असे. खाडीत जाळे लावणारा माणूस. त्याचा मिठागरांशीही संबंध होता; तिथल्या अतिखाऱ्या खड्ड्यांत तांबूस रंगाची, केसासारखी बारीक कोळंबी होते, तीच घोड्यांचे खाणे. तो बादलीत ओला सुंभ सोडून त्यावर घोडे बसवून आणी.

"शेट, यो आमी खात नाय, इकत नाय, जाल्यात आला तर फेकून देतो," तो पहिल्या खेपेला म्हणाला. "तुमी त्याला घरात ठेवताव, वर खायाला घालताव. म्हातारा-म्हातारी हायेत का ते?"

"नर आणि मादी आहेत."

"मंग लगीन लावून देताव का नाय?"

मी बादली उचलली. हिराजीला उत्तर दिले की तो पुढचा प्रश्न विचारीत असे.

पहिली जोडी काही आठवडे चांगली राहिली आणि नंतर खंगली. घोडे तळाशी आडवे पडू लागले. मी मीठ मोजले, हवेचा पंप तपासला, अर्धे पाणी बदलले. जोडी मेली. समुद्रातून आणलेला जीव प्रवासानेही मरतो. मी तसे सांगितले आणि दुसरी जोडी आणली. तीही त्याच रीतीने मेली. या वेळी मला काही सांगता आले नाही. माझ्या दुकानातल्या पिंपात त्याच खेपेचे घोडे सुंभाला धरून मजेत होते. पाणी तेच, खाणे तेच. सबनिसांच्या घरात नेले की मरत होते.

याच सुमारास वहिनींची आई पडली.

त्या चौलच्या बाजूला सुपारीच्या वाडीत एकट्या राहत. सर्वजण त्यांना माई म्हणत. वहिनी त्यांची एकुलती एक मुलगी. विहिरीजवळ पाय घसरून माई पडल्या आणि शेजारच्या वाडीतला माणूस येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडले नाही, पण तोल गेला तो गेलाच. पावसाळ्यात त्या वाडीत सगळीकडे शेवाळ धरते. त्याआधी त्यांना पनवेलला आणले पाहिजे, असे वहिनींचे म्हणणे होते. आतली खोली पलंगाने आणि कपाटाने भरलेली होती. माईंची खाट बाहेरच्या खोलीतच लागणार होती, आणि बाहेरच्या खोलीत भिंत एकच होती.

हे सर्व मला माहीत असण्याचे कारण असे की, हे सर्व माझ्यासमोर बोलले गेले. टाकी साफ करणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. त्याची पाठ त्यांच्याकडे असते.

"रिकामीच आहे टाकी," वहिनी म्हणाल्या. "काढून टाकू या आता. माई येईल."

"काका तिसरी जोडी आणणार आहेत."

"तीपण मरेल."

"नाही मरणार. हे बघ, एक ठरवू. ही शेवटची जोडी. पावसाळा लागेपर्यंत जगली तर टाकी राहील. मेली तर टाकी जाईल आणि माईंची खाट येईल. काका साक्षीला आहेत."

"माझ्या आईचा निकाल त्या दोन किड्यांवर लावता?"

"किडे नाहीत ते. मासे आहेत."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी बोळ्याने काच पुसत राहिलो. मला वाटले, आता त्या भांडतील. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." आणि आत गेल्या. सबनीससुद्धा थोडे गोंधळलेले दिसले. नकार येईल, अशीच त्यांची कल्पना असावी.

तिसरी जोडी आणली त्या दिवशी परत निघालो तर वहिनी जिन्यात माझ्या मागून आल्या.

"काका, खरं सांगा. जगतील?"

"सांगता येत नाही."

"मेले तर वाईट वाटेल हो मला. रोज पाणी मीच घालते ना त्यांना. काच टकटक केली की बघतात." मग त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "पण जगले तर माईचं काय?"

मी म्हणालो, "मी माझे काम करीन." दुसरे काय म्हणणार? मला त्यांचे म्हणणे समजले होते, पण त्यांना काय हवे, हे समजले नव्हते.

नवी जोडी आठवड्याभरातच सुस्तावली. त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली, जी आधीच पाहायला हवी होती. घोड्यांना टाकलेली बारीक कोळंबी खाली पडत होती. घोड्यांनी खाण्याआधीच ती मरत होती. म्हणजे खोट घोड्यांत नव्हती आणि कोळंबीतही नव्हती. मी दोन बाटल्या घेतल्या. एकीत टाकीतले पाणी, दुसरीत सोबत आणलेले माझ्या पिंपातले. दोन्हींत सारखीच कोळंबी सोडली. संध्याकाळी परत आलो तेव्हा पिंपाच्या पाण्यातली वळवळत होती. टाकीच्या पाण्यातली तळाला बसली होती.

पाण्यात विष होते, हे सिद्ध झाले. कोणते, हे नाही. आणि खरे सांगायचे तर मी त्या क्षणी स्वयंपाकघराकडे पाहिले. ज्या बाईचे काम हे मासे मेले तरच होणार होते, तीच त्यांना रोज पाणी घालत होती. अशी शंका मनात येणे मला आवडले नाही. पण ती आली.

वहिनींनी मला चहा दिला. मी ओट्यापाशी उभा राहून तो पीत होतो. नवरा येण्याची वेळ झाली म्हणून त्यांनी सबनिसांसाठी पेला भरला. ओट्याच्या टोकाला तांब्याचा हंडा होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. पेला त्या हंड्यात बुडाला.

"टाकीत कोणते पाणी घालता?" मी विचारले.

"हेच की. तुम्ही म्हणालात, रात्रभर ठेवलेलं, पिण्याचं. आमच्याकडे रात्रभर ठेवलेलं म्हणजे हेच. यांच्या पोटासाठी ठेवते मी. रोज घासून भरते."

तांबे माणसाला चालते. खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवांना ते कणभरही चालत नाही. भांडे जितके घासावे तितके तांबे पाण्यात अधिक उतरते, आणि टाकीत गेलेले परत उडून जात नाही. रोजच्या तांब्याभर पाण्यासोबत ते साचत जाते. घरातले सर्वांत शुद्ध पाणी त्या बाईंनी माशांना पाजले होते आणि त्यानेच ते मेले होते. असा प्रकार दुसऱ्या कोणत्या देशात घडला असेल असे मला वाटत नाही.

मी त्यांना हे समजावून सांगितले. त्यांनी पेला खाली ठेवला.

"अगं बाई! खरंच की," त्या म्हणाल्या. "आमच्या वाडीत सुपारीवर मोरचूद मारायचे ना पावसाळ्यात, तेव्हा माई विहिरीवर झाकण घालायची. नाहीतर विहिरीतले मासे मरतात म्हणून. मोरचूद म्हणजे तांब्याचंच ना?"

"तांब्याचेच."

"बघा. आणि मला सुचलं नाही."

इथे मी थांबलो आणि आजही इथेच थांबतो. तांब्याने मासे मरतात, हे त्यांना लहानपणापासून माहीत होते. ते त्यांना आठवले नव्हते, की आठवले होते? आठवले असेल, तर मला आपण होऊन कशाला सांगितले? जी बाई लपवू पाहते ती असे बोलत नाही. पण लपवण्यासारखे काही करून बसलेली बाई अशीच बोलून मोकळी होईल, असेही मला वाटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. माशांचे आजार मी चेहऱ्यावरून ओळखतो. माणसांच्या बाबतीत ही विद्या उपयोगाची नाही.

"आता नाही घालणार," त्या म्हणाल्या. "स्टीलच्या पातेल्यात ठेवीन वेगळं." आणि पातेले काढता काढता, "यांना सांगणार आहात का?"

"टाकी रिकामी करावी लागेल. कारण सांगावे लागेल."

सबनीस आले. मी सांगितले की, पाण्यात धातू उतरला होता.

"कसला धातू?"

"तांबे."

त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिले. वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पुढे त्यांनी काही विचारले नाही, नंतरही कधी नाही. मला हेही समजले नाही. मी त्यांच्या जागी असतो तर विचारले असते.

घोडे मी दुकानातल्या पिंपात नेले. सबनिसांची टाकी पूर्ण रिकामी केली, वाळू फेकून दिली, काच धुतली आणि ती काही दिवस कोरडी ठेवली. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. ती टाकी त्या दिवसांत इतकी हलकी होती की दोन माणसांनी सहज उचलली असती. ती भिंतीच्या मधोमध उभी होती. मी रोज येत होतो, नवरा-बायको तिच्या दोन्ही अंगांनी ये-जा करीत होती, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आले नाही. मी तिच्यात नवी वाळू आणि मुरवलेले पाणी त्याच जागी भरले. माझ्या पिंपातली जुनी वाळू मूठभर मिसळली, म्हणजे जंतू लवकर वसतात. घोडे परत आणले.

ते जगले. नुसते जगले असे नाही. त्यांचे रंग उजळले. पहाटे दोघे शेपटीत शेपटी गुंतवून टाकीभर फिरत, असे वहिनींनी मला सांगितले. वैशाखाच्या अखेरीस नराचे पोट फुगले. समुद्रघोड्यांत मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि पिल्ले होईपर्यंत तो ती वागवतो. मी हे सांगितले तेव्हा वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले.

"बघा. शिका काहीतरी."

"मी काय वागवत नाही होय?" सबनीस म्हणाले. "इतकी वर्षं तुझा हट्ट वागवतोय."

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग हसणे थांबले, कारण गॅलरीच्या दारातून वारा आला. तो पावसाळी होता. सबनीस पैज जिंकले होते. त्यांनी तसे म्हटले नाही. वहिनी पदराने हात पुसत टाकीसमोर उभ्या राहिल्या.

"शेजारच्यांनी निरोप पाठवलाय," त्या म्हणाल्या. "माई परवा पुन्हा पडली. अंगणातच. या वेळी कपाळ फुटलंय."

सबनीस टाकीकडे पाहत राहिले.

"मी काही म्हणत नाहीये," वहिनी पुढे म्हणाल्या. "ठरलं ते ठरलं. फक्त एक विचारते. काका, ही टाकी हलत नाही म्हणजे अजिबातच हलत नाही का?"

"हलत नाही," सबनीस म्हणाले. "सांगा ना काका तुम्ही. मांडली की मांडली."

"घराबाहेर काढा म्हणत नाहीये मी. इकडे कोपऱ्याला. हातभर सरकली, तर खाट मावते का बघा ना त्या बाजूला."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. खिशात मोजपट्टी होती. ती मी काढली; टाकी मोजली, भिंत मोजली. खाटेचे माप मला माहीत होते. टाकी कोपऱ्याला गेली तर खाट लागत होती आणि वर वीतभर जागा उरत होती.

मी माप पुन्हा घेतले. तेच आले.

"बसतात," मी म्हणालो. "दोन्ही बसतात."

आनंद होईल, असे मला वाटले होते. सबनीस गॅलरीकडे गेले आणि परत आले. वहिनी त्या भिंतीकडे अशा पाहत होत्या, जणू ती कोणी रातोरात वाढवून ठेवली होती.

"एवढंच होतं?" शेवटी त्या म्हणाल्या.

"काकाच म्हणाले होते हलत नाही म्हणून," सबनीस म्हणाले.

"पण हलवलं तर? मरतील?" वहिनींनी मला विचारले.

माझे उत्तर ठरलेले होते. वर्षानुवर्षे दिलेले उत्तर. नर पोटुशी होता. वाळू नुकती बसली होती. हलवू नये, याला जितकी कारणे असू शकतात तितकी त्या टाकीत होती. हलवली तर मरतील, असे मी म्हणालो असतो तर ते खोटे ठरले नसते. सबनीस मान किंचित हलवून मला तेच सुचवीत होते, असे मला वाटले. की ते उलट सुचवीत होते? मी म्हणालो, "हलवता येते."

ते मी का म्हणालो, याचा उलगडा मला झालेला नाही. त्या बाईंची दया आली म्हणून, असे म्हणता येईल. पण तसे मला आठवत नाही. मला आठवते ते एवढेच की, शब्द तोंडातून गेल्यावर मला त्याचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी हिराजीला सोबत घेऊन गेलो. घोडे बादलीत काढले, बादलीत सुंभ सोडला आणि हवेची नळी लावली. पाणी पिंपांत उपसले. वाळूवर चार बोटे राहील एवढेच ठेवले, म्हणजे ती ढवळत नाही. मग एका कोपऱ्याला मी, एका कोपऱ्याला हिराजी, उरलेल्या दोहोंना नवरा-बायको.

"उचलायची नाही," मी सांगितले. "खालच्या लोखंडी घडवंचीसकट सरकवायची. मी म्हणेन तेव्हाच, आणि केसभर."

"शेट, केसभर म्हंजे कवरा? माजा केस का तुमचा?" हिराजीने विचारले. मला त्या वेळीही केस कमीच होते.

"गप्प बस. सरकवा."

घडवंची कुरकुरली. वाळूतून एक काळा बुडबुडा वर आला. आम्ही सगळे थांबलो. पुन्हा सरकवली. वहिनींच्या हाताला घडवंचीचा पत्रा लागून रक्त आले; सबनिसांनी ते पाहिले.

"सोड तू. मी धरतो दोन्ही बाजू."

"तुम्ही एकटे पाडाल."

"सोड म्हणतो ना."

"नाही सोडत."

"बाय, तुमी भांडा नंतर," हिराजी म्हणाला. "बादलीत यो गाभण हाय. त्याला घर देवा आधी."

टाकी कोपऱ्यात गेली. सबनीस मोकळ्या झालेल्या जागेत जमिनीवर आडवे झाले, पाय लांब केले आणि छताकडे पाहत म्हणाले, "मावतात. माई माझ्यापेक्षा बुटक्या आहेत." ते बराच वेळ तसेच पडून राहिले. वहिनी कापलेले बोट तोंडात धरून त्यांच्याकडे पाहत होत्या.

पाणी दोन दिवस गढूळ राहिले आणि मग निवळले. पिल्ले झाली. तांदळाच्या कण्यांएवढे घोडे, शेकड्यांनी. ती जवळपास सर्व मेली. तशी ती नेहमीच मरतात. त्याला टाकी हलवल्याचे कारण लावता येणार नाही, आणि लावता येणारच नाही असेही मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. नर-मादी राहिली. मिठागरे पावसाने बंद झाल्यावर मी मुंबईहून कोळंबीच्या अंड्यांचे डबे आणून घरी पिल्ले काढीत असे आणि सबनिसांकडे पोहोचवीत असे. त्याविषयी मी कोणाला फार सांगितले नाही.

पाऊस चांगला लागल्यावर एकदा गेलो तर भिंतीला खाट होती आणि खाटेवर माई बसल्या होत्या. बारीक, ताठ बाई. कपाळावर पट्टी.

"तुम्ही यांचे डॉक्टर का?" त्यांनी विचारले.

"टाकीवाला."

"मग सांगा, हे दिवसभर उभे का? बसत का नाहीत? पाय दुखत असतील म्हणावं, तर पायच नाहीत मेल्यांना."

"ते तसेच असतात."

"मला यायचंच नव्हतं हो," माई आवाज न बदलता म्हणाल्या. सबनीस तिथेच, टाकीच्या दुसऱ्या अंगाला उभे होते. "लेकीनं किती निरोप धाडले, मी नाहीच म्हटलं होतं. जावयाच्या घरात कायमचं राहायचं म्हणजे काय? पण हे स्वतः आले रजा काढून. मी म्हटलं, वाडीतून रस्त्यापर्यंत चालवणार नाही मला, निसरडं झालंय. तर यांनी मला पाठीवर घेतलं. जावयाच्या पाठीवर! सगळी आळी बघत होती. लाजेनं डोळे मिटून घेतले मी. एसटीत बसेपर्यंत उघडले नाहीत."

मी सबनिसांकडे पाहिले. जी खाट येऊ नये म्हणून त्यांनी दोन माशांवर पैज लावली होती, ती त्यांनी स्वतः जाऊन आणली होती. ते बोट काचेला लावून उभे होते आणि मादी त्या बोटासमोर येऊन थांबली होती. स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारले, "काका, चहा घेणार ना?" आणि माझे उत्तर येण्याआधी माई म्हणाल्या, "घेतील. मलाही टाक अर्धा."

मी पाण्यात मीठ मोजायची काचेची नळी सोडली. मीठ बरोबर होते. तसे मी सांगितले.